फुलोरा ओळखा

धर्माबादला लोक मिरचीचा भाव विचारतात, गवताचा कुणी विचारत नाही. पण ज्याच्या दावणीला लाल कंधारी आहे, त्याचं अर्धं वर्ष गवतावर निघतं. जनावरांमागे फिरून जे कळलं, ते सांगतो.

१. गवत उंच झालं म्हणून कापायचं नसतं, फुलोऱ्यावर आलं की कापायचं. मारवेल, पवना, शेडा, सगळ्यांना हाच नियम. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी येते आणि मजूर मिळत नाही, हे खरं. पण सोयाबीनवर ताडपत्री टाकता येते. गवत थांबत नाही. बी धरून पिवळं पडलं की जनावर ती काडी तोंडात घेऊन टाकून देतं.

२. कुसळीत तर आठवड्याचाही उशीर नको. पिकलेलं एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडा. काळपट शेपटीचा पीळ सुटतो आणि ती गरागरा फिरायला लागते. टोकाला सुईसारखी अणी, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस. आत शिरली की मागे येत नाही. जमिनीत बी रुजावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. पण तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकून कातडीत घुसतं, शेळीच्या तोंडात जखमा करतं. कुसळं धरण्याआधी हीच कुसळी चांगला चारा असते.

३. बियाण्यासाठी माळाचा एक पट्टा राखून ठेवावा. बी सगळं एकदम पिकत नाही आणि पिकलेलं लगेच झडतं, म्हणून हाताने ओरबाडून दोन-तीन वेळा गोळा करावं लागतं. ताजं बी नीट उगवत नाही. पुढच्या पावसापर्यंत कोरड्या, हवेशीर जागी राहू द्यावं. ते इतकं हलकं की वाऱ्यावर जातं. माती आणि शेणात कालवून गोळ्या कराव्यात, खोल गाडू नयेत. मारवेलचे मात्र ठोंबच लावावेत. राहुरीच्या विद्यापीठाचं ‘फुले मारवेल ०६-४०’ हे वाणही ठोंबांवरच येतं.

४. पहिल्या पावसाच्या कोंबावर जनावरं सोडू नका. तो कोंब मुळातल्या साठ्यावर आलेला असतो. तो खुडला की मूळ उपाशी पडतं. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरेबाजारने चराई बंद करून गवत कापून न्यायची मुभा दिली आणि तिथले डोंगर हिरवे झाले. आपल्या गायरानांवर हे का होऊ नये?

५. काळ्या रानातल्या कुंद्याला उन्हाळी खोल नांगरट आणि काशा वेचणं, हाच इलाज. रोटाव्हेटर काशांचे तुकडे करतो आणि कुंदा रानभर पसरवतो.

६. शाळेपुढच्या हिरवळीला विकतचं गवत कशाला? हरळी पुरते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापू नये.

७. गाजर गवत खरं तर गवत नव्हेच. १९५५च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि आता आपल्या प्रत्येक गायरानात आहे. एकेक झाड हजारो बिया टाकतं. अंगाला खाज सुटते, जनावराने खाल्लं तर दूध कडवट होतं. मेक्सिकन भुंगा पानं खातो, त्याला मारू नका. पण सगळा भार त्याच्यावर टाकून चालत नाही. निर्मूलन सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. जूनमध्ये पाऊस झाला असेल, तर तोवर पुष्कळ झाडं पांढऱ्या फुलांवर आलेली असतात. आपल्या ग्रामपंचायतींनी पहिली उपटणी जुलैतच करावी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट. सप्ताहात दुसरी.