अंथरूण आणि पांघरूण

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. किल्लारीतील चार-पाच विद्यार्थी एके सायंकाळी माझ्या घरी आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमालयात भरणाऱ्या एका शिबिरास ते जाणार होते. बरोबर न्यावयाच्या वस्तूंच्या यादीत 'स्लीपिंग बॅग', म्हणजे आत शिरून निजावयाची पिशवी, असे लिहिलेले होते. त्यांपैकी एकाने विचारले, "गुरुजी, दुकानातली सर्वांत जाड पिशवी घेतली की झाले ना?"

मी त्यांना बसावयास सांगितले. कारण जाड पांघरूण म्हणजे भरपूर ऊब, असा माझाही एके काळी समज होता; आणि त्या समजापायी एका लेकरास अर्धी रात्र कुडकुडत काढावी लागली होती. ती हकीकत मी त्यांना सांगितली. तीच येथे सांगतो.

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावोगावची माणसे थकून निजली होती. ३० तारखेस पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांतील अनेक गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आमच्याकडील जुनी घरे दगडमातीच्या रुंद भिंतींची असत आणि त्यांच्या धाब्यावर मातीचा जाड थर असे. उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब, हा त्या घरांचा गुण. परंतु ज्या जाडीने पिढ्यान्‌पिढ्या ऊब दिली, तिचाच भार त्या पहाटे निजलेल्या माणसांवर कोसळला.

भूकंपामागून पाऊस आला. जी माणसे वाचली, त्यांना छताखाली निजण्याचा धीर होईना. कोणी शेतात, कोणी झाडाखाली, कोणी ताडपत्रीच्या आडोशाला रात्र काढू लागले. पुढे पत्र्याचे तात्पुरते निवारे उभे राहिले. हिवाळा आला. दिवसा तापणारा पत्रा सूर्य मावळताच निवून जाई आणि पहाटे त्याच्या आतल्या बाजूने दवाचे थेंब ठिबकत.

मी त्या वेळी तरुण शिक्षक होतो. माझ्या वर्गातील नऊ वर्षांचा एक मुलगा आजीसह अशाच एका निवाऱ्यात राहत असे. घरातील तेवढी दोनच माणसे उरली होती. एका रात्री मी त्यांच्याकडे तीन ब्लँकेटे घेऊन गेलो. मुलगा एका पोत्यावर निजला होता. मी तिन्ही ब्लँकेटे त्याच्या अंगावर घातली आणि एक चांगले काम केले, या समाधानात शेजारच्या निवाऱ्यात बोलत बसलो. मध्यरात्री परतताना डोकावून पाहिले, तो मुलगा पाय पोटाशी घेऊन थरथरत होता. "आजी, मी आणखी एक पांघरूण घेऊन येतो," असे म्हणून मी निघालो. तेव्हा म्हातारी म्हणाली, "गुरुजी, वरून किती बी घाला की. थंडी खालून यायलीय. भुई लेकराची ऊब ओढून घ्यायलीय."

तिने मुलास उठविले. बाहेरून कडब्याच्या दोन पेंढ्या आणून त्या जमिनीवर सारख्या पसरल्या. त्यांवर पोते, पोत्यावर दुहेरी केलेले एक ब्लँकेट, असे अंथरूण केले. उरलेली दोन ब्लँकेटे त्याच्या अंगावर घातली आणि सर्वांवर स्वतःचे जुने घोंगडे टाकले. नवी वस्तू एकही आणली नव्हती. अंगावरची पांघरुणे तर आता अधिक नव्हती. तरीही थोड्याच वेळात त्याचे थरथरणे थांबले आणि तो गाढ झोपी गेला. मी शिक्षक असूनही जे मला सुचले नाही, ते शाळेची पायरी न चढलेल्या त्या वृद्धेस ठाऊक होते.

तिच्या बोलण्यातील शास्त्र आपण समजून घेऊ. पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. एखादा थंड दगड दुलईत गुंडाळून रात्रभर ठेवला, तर सकाळी तो थंडच सापडतो. ऊब असते ती आपल्या देहाची. पांघरुणाचे काम ती राखण्याचे. ही ऊब चार वाटांनी निघून जाते. थंड जमिनीस अंग लागले की ती जमिनीत उतरते, यास वहन म्हणतात. वारा ती उडवून नेतो, हे अभिसरण. मोकळ्या आभाळाखाली ती आकाशाकडे जाते, हे प्रारण. अंगावरील ओल सुकताना ती घेऊन जाते, हे बाष्पीभवन. यांपैकी पहिली वाट बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ऊब अडविणारा उत्तम पहारेकरी म्हणजे स्थिर हवा. हवेतून उष्णता फार मंद गतीने जाते. गोधडीच्या थरांत, घोंगडीच्या कुरळ्या लोकरीत, कडब्याच्या ताटांत अशी हवा कोंडलेली असते. परंतु आपण ज्या भागावर निजतो, तेथे देहाच्या भाराने ती दबून निघून जाते. म्हणूनच मऊ पिशवी कितीही जाड असली, तरी पाठीखाली ती पातळच होते. पिशवीखाली न दबणारी वेगळी चटई हवी. आज शिबिरास जाणारे लोक फोमची घडीची चटई नेतात. म्हातारीचा कडबा आणि ही चटई यांचे काम एकच.

आता पिशवीच्या निवडीकडे वळू. आपण कोठे व कोणत्या ऋतूत जाणार, हे प्रथम पाहावे. समुद्रसपाटीपासून दर १००० मीटर उंच गेल्यास हवेचे तापमान साधारणपणे सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. किल्लारीत अंगणात निजावयाचे असल्यास जी पिशवी पुरेशी होईल, ती हिमालयातील उंच तळावर पुरणार नाही. चांगल्या पिशवीवर तापमानाचे आकडे छापलेले असतात. त्यांतील एक सुखाने झोप लागण्याचा आणि दुसरा त्याखालील मर्यादेचा. काही पिशव्यांवर याहून खालचा तिसरा आकडाही असतो. तो झोपेचा नव्हे, कसाबसा जीव तगण्याचा असतो. दुकानदार तोच पुढे करील, तर फसू नये. आपण सुखाच्या आकड्यावरून निवड करावी आणि तो आपल्या ठिकाणच्या अपेक्षित थंडीपेक्षा थोडा खालचाच असावा.

त्यानंतर आत काय भरले आहे, ते विचारावे. बदकाची किंवा हंसाची मऊ पिसे वजनाला हलकी आणि अतिशय उबदार असतात. घडी घातल्यावर ती लहानशा जागेत मावतात. परंतु ती भिजली की चिकटून बसतात, त्यांतील हवा जाते आणि ऊबही जाते. शिवाय त्यांची किंमत अधिक. कृत्रिम तंतूंची पिशवी वजनाने जड असते व जागाही अधिक घेते. पण ओल लागली तरी ती बरीच ऊब राखते, लवकर सुकते आणि स्वस्तही पडते. दमट हवेत किंवा पावसाच्या दिवसांत जाणाऱ्या विद्यार्थ्यास हीच बरी. आपल्या घोंगडीचा गुणही येथे आठवावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश इतकी ओल शोषून घेते, तरी हातास ओली लागत नाही. मेंढरांमागे पावसापाण्यात रानोमाळ हिंडणाऱ्या धनगराच्या खांद्यावर घोंगडी का असते, हे यावरून कळेल. सुती गोधडी कोरडी असताना फार गोड वाटते. मात्र एकदा भिजली की ती लवकर सुकत नाही.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण तर पिशवीच्या बाबतीत अक्षरशः लागू पडते. आखूड पिशवीत पाय दुमडावे लागतात व खांदे उघडे पडतात. फार मोठ्या पिशवीतील मोकळी जागा आपल्याच अंगाच्या ऊबेने तापवावी लागते. म्हणून दुकानातच आत शिरून, कूस बदलून पाहावी. पायांकडे निमुळती आणि डोक्याला टोपी असलेली पिशवी अधिक उबदार असते. तिची साखळी आतून सहज उघडते की नाही आणि साखळीमागे वारा अडविणारी पट्टी आहे की नाही, हेही तपासावे.

पिशवी उत्तम असूनही वापरणारा निष्काळजी असेल, तर तिचा उपयोग होत नाही. दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे कपडे व मोजे घालावे. उपाशीपोटी निजू नये. देहाची भट्टी अन्नावर चालते. तोंड पिशवीच्या आत घेऊ नये, कारण श्वासातील वाफेने आतील भाग ओलसर होतो. तंबूत शेगडी किंवा निखारे तर कदापि ठेवू नयेत. त्यांतून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्यास वास नसतो आणि झोपेतच माणसाचा प्राण जातो. घरी परतल्यावर पिशवी वाऱ्यावर वाळवावी आणि ती आवळून न ठेवता सैल ठेवावी, म्हणजे तिचा फुगीरपणा टिकतो.

हे सर्व ऐकून मुले निघाली. दारापर्यंत गेलेला एक मुलगा परत फिरून म्हणाला, "गुरुजी, आमच्यातल्या एकाच्या घरी पिशवी घेण्याइतके पैसे नाहीत. त्याने काय करावे?"

मी म्हटले, "तुम्ही पिशव्या भाड्याने मिळतात का, ते विचारा. सर्वांत महागडीऐवजी पुरेशी पिशवी घ्या, म्हणजे जे पैसे वाचतील त्यांत त्याच्या पिशवीचे भाडे निघेल. आणि चटई मात्र त्याच्यासाठीही न्या. त्याच्या पाठीखालची भुई थंड असेल, तर तुम्हांला सुखाची झोप कशी लागेल?"

मे महिन्यात ती मुले शिबिरास गेली. परत आल्यावर त्यांनी मला सांगितले, की पाचही जण सुखाने झोपले. मला मात्र त्या वेळी पत्र्याच्या निवाऱ्यातील ती रात्र आठवली आणि त्या म्हातारीचे ते घोंगडे आठवले. नातवाच्या अंगावर ते घातल्यानंतर तिने स्वतः काय पांघरले असेल, हे विचारण्याचे त्या रात्री मला सुचले नव्हते.

शब्दार्थ
धाबे – मातीचे सपाट छप्पर. कडबा – ज्वारीची वाळलेली ताटे. पेंढी – लहान जुडी. भुई – जमीन. निमुळते – टोकाकडे अरुंद होत जाणारे.

स्वाध्याय
१. "थंडी खालून यायलीय" असे आजी का म्हणाली? तिने कोणता उपाय केला?
२. देहाची ऊब कोणत्या चार वाटांनी निघून जाते? प्रत्येकीचे एक उदाहरण द्या.
३. पिसांची पिशवी व कृत्रिम तंतूंची पिशवी यांचे गुणदोष लिहा.
४. जुन्या घरांच्या जाड भिंतींविषयी लेखकाने काय सांगितले आहे?
५. पाठाच्या शेवटच्या वाक्यातून लेखकाच्या मनातील कोणती भावना व्यक्त होते?
६. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून गोधडी किंवा घोंगडी कशी तयार करतात, याविषयी दहा ओळी लिहा.