ट्रॉलीच्या पोटाखाली

वार्षिकांकासाठी लेख द्या, असे सरांनी सांगितले तेव्हा विषय काय घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. कविता मला जमत नाही आणि प्रवासवर्णन लिहावे इतका प्रवास मी केलेला नाही. मात्र शाळेत असल्यापासून गेली सात-आठ वर्षे मी दर दिवाळीनंतर चुलत्यांबरोबर ट्रॉलीखाली पोत्यावर पाठ टेकून पडलेलो आहे. त्या जागेविषयी मी थोडेफार सांगू शकेन. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय कशासाठी घ्यावा, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर पुढे आपोआप येईल.

शिरूर आणि दौंड हे आमचे दोन शेजारी तालुके. एकीकडे घोडनदी, मध्ये भीमा, आणि दोन्ही काठांना ऊस. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे इकडचे जुने सहकारी कारखाने. पुढे खाजगीही निघाले. गळीत हंगाम जवळ आला की पाथर्डी, आष्टी, पाटोदा, गेवराई या बाजूंनी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांतून येऊ लागतात. ज्या ट्रॉलीतून उद्या ऊस जायचा त्याच ट्रॉलीत आज संसार असतो. पत्र्याची पेटी, धान्याची पोती, सरपण, खोपीसाठी बांबू आणि कागद, एखादी शेळी, आणि या सर्वांवर बसलेली माणसे व पोरे. परदेशातील हौशी लोक मोटारीमागे चाकांचे घर जोडून सुटीला निघतात, असे आपण चित्रांत पाहतो. आपल्याकडेही चाकांवरचे घर आहे, पण ते हौसेने निघालेले नसते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पारगावच्या अलीकडे, रात्री साडेआठच्या सुमारास, अशीच एक ट्रॉली आमच्या वस्तीसमोर थांबली. ड्रायव्हरला काही खटकले म्हणून तो थांबला नव्हता; मागे बसलेल्या एका बाईने ओरडून थांबवले होते. "काहीतरी करपतंय," एवढेच ती सांगत होती. चुलते बॅटरी घेऊन गेले, वाकले, आणि पहिले वाक्य बोलले, "आधी पोरं खाली घ्या." डाव्या चाकाच्या हबमधून धूर येत होता. ग्रीस जळून गेले होते, बेअरिंगचे तुकडे झाले होते आणि चाक धुऱ्यावर तिरपे टेकले होते. आणखी दोन-तीन मैल गेले असते तर चाक निखळले असते, आणि पुढे तर भीमेचा पूल होता. ट्रॉलीवर त्या वेळी अकरा माणसे होती, त्यांतली पाच लहान मुले. त्या गाडीची खालची बाजू निघण्यापूर्वी कोणी पाहिली होती का, असे चुलत्यांनी विचारले. ड्रायव्हर म्हणाला, "टायरात हवा बघितली व्हती."

हा लेख त्या एका उत्तरासाठी आहे.

प्रथम स्वतःच्या जिवाची गोष्ट. ट्रॉली सपाट, कडक जमिनीवर उभी करावी. ट्रॅक्टरला जोडलेली असेल तर ट्रॅक्टरचा ब्रेक ओढून किल्ली आपल्या खिशात ठेवावी. दुसऱ्याने सहज म्हणून ट्रॅक्टर चालू करू नये. ज्या बाजूचे चाक उचलायचे नाही, त्याच्या पुढे व मागे दगड लावावेत. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चाक उचलले की धुऱ्याखाली बाभळीचे जाड ओंडके आडवे-उभे रचावेत आणि जॅक थोडा उतरवून भार ओंडक्यांवर घ्यावा. मगच खाली जावे. मऊ मातीत जॅकखाली फळी हवी. ज्या ट्रॉलीचा साटा हायड्रॉलिकने उचलतो, तिच्या उचललेल्या साट्याखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय डोके घालू नये. तेलाची नळी फुटली तर साटा खाली यायला एक क्षण पुरतो. हे सर्व सांगताना चुलते नेहमी रागावल्यासारखे बोलतात.

यानंतर धुणे. न धुता तपासणे म्हणजे झाकलेले पुस्तक वाचणे. आमच्या काळ्या मातीचा चिखल चॅसीच्या कोपऱ्यांत बसतो आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवतो. त्यात उसाचा रस ठिबकलेला असतो. रस आंबला की त्याचे आम्ल होते आणि ते लोखंड खाते, म्हणून उसाची ट्रॉली विटा-वाळूच्या ट्रॉलीपेक्षा वेगळ्या तऱ्हेने गंजते. पाचटाची तर फार चमत्कारिक सवय आहे. ते धुऱ्याभोवती, नेमके हबच्या आतल्या बाजूला दोरीसारखे गुंडाळले जाते आणि ग्रीस अडवणारे सील कापते. सील गेले की ग्रीस बाहेर आणि माती-पाणी आत. त्या रात्रीच्या हबमध्ये नेमके हेच झाले होते. विळ्याच्या टोकाने ते पाचट सोडवायला पाच मिनिटे लागतात.

आता चाक. उचललेल्या चाकाला एक हात वर आणि एक हात खाली लावून आत-बाहेर हलवावे. किंचित खुळखुळ असेल तर बेअरिंग सैल आहे. स्पष्ट डुगडुगत असेल तर हब उघडलेच पाहिजे. मग चाक हाताने फिरवून कान द्यावा. चांगले बेअरिंग जवळजवळ गप्प असते. जात्यासारखी घरघर आली तर आत खड्डे पडले आहेत. हब उघडताना टोपी, मग कॉटर पिन, मग नट, वायसर आणि बाहेरचे लहान बेअरिंग, या क्रमाने काढून ठेवावे. काढलेले सर्व त्याच ओळीने स्वच्छ फडक्यावर मांडावे, म्हणजे बसवताना गोंधळ होत नाही. बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावे. रोलरवर निळसर झाक दिसली तर ते तापलेले आहे. ते परत वापरू नये. नवे घालताना हबमधली वाटीही नवी घालावी. जुन्या वाटीत नवे बेअरिंग बसवणे ही काटकसर पंधरा दिवसही टिकत नाही.

जुने ग्रीसही नीट पाहावे, ते बरेच काही सांगते. दुधाळ झाले असेल तर पाणी शिरले आहे. बोटांत चोळल्यावर चांदीसारखी चमक दिसली तर लोखंड झिजते आहे. नवे ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूने दाबत जावे, पलीकडच्या फटींतून ते डोकावेपर्यंत. वरून नुसते माखणे म्हणजे भाकरीला बाहेरून मीठ लावणे. शेवटी चाक फिरवत फिरवत नट आवळावा, चाक जड वाटले की थोडा मागे घ्यावा, आणि नवी कॉटर पिन घालून तिचे पाय दुमडावेत. कॉटर पिनेच्या जागी खिळा किंवा तार घातलेल्या ट्रॉल्या मी स्वतः मोजल्या आहेत. आकडा लिहीत नाही. आमच्या गावचीच मंडळी त्यात आहेत.

येथे थोडे विषयांतर करतो, मराठीचे प्राध्यापक क्षमा करतील. बैलगाडीच्या धुऱ्याला आपण आख म्हणतो, तो संस्कृतातला अक्षच. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, तो आसही त्याच घरातला. चाकावर लोखंडी धाव चढवायची तर लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवत असे आणि लाकडी चाकावर बसताच पाणी ओतून आवळत असे. वंगणाची नळी गाडीच्या पोटाशी टांगलेली असे आणि लांबच्या वाटेवर मध्येच थांबून आखाला वंगण देण्याची रीत होती. कोरडा आख आपण होऊन कुरकुरत असे, म्हणून विसरणे कठीण होते. हबमधले बेअरिंग बंद डब्यात असते, ते कुरकुरेपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली असली तर तेही ऐकू येत नाही. वंगण हा शब्द आपल्याकडे राहिला. वाटेत थांबण्याची रीत मात्र गेली.

पाट्यांची तपासणी डोळ्यांनी आणि हातोडीने करावी. सपाट जागी रिकामी ट्रॉली उभी करून चॅसीच्या दोन्ही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची वितीने मोजावी. एक बाजू बसलेली असेल तर त्या बाजूचा पाटा थकला किंवा तुटला आहे. तुटलेला पाटा बहुधा मधल्या बोल्टाजवळ चिरतो आणि चिरेतून तांबूस भुकटी येते. यू-बोल्टच्या नटाखाली अशीच तांबडी रेघ ओघळली असेल तर तो नट हलतो आहे असे समजावे. हातोडीने ठोकले असता घट्ट बोल्ट खणखणतो, सैल बोल्ट बद्द वाजतो. ही विद्या दौंडकरांना सांगायला नको. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन कित्येक वर्षे दौंडला दुसऱ्या टोकाला लावावे लागे, आणि तेवढ्या वेळात लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस चाके ठोकीत डब्यांच्या कडेने जात असे. तो आखाच्या पेटीवर हात ठेवून ती तापली आहे का हेही पाही. गाडीतले प्रवासी चहा पीत असत. खाली कोण काय करतो आहे, याची त्यांना कल्पनाही नसे.

चॅसीच्या बाबतीत सर्वात नाजूक जागा म्हणजे पुढचा दांडा जेथे चॅसीला मिळतो ती. ओढ, धक्का, वळण, सारे तेथे येते. तेथील वेल्डिंगवर केसासारखी चीर आली आहे का, हे तारेच्या ब्रशाने घासूनच पाहावे. रंगाखाली ती दिसत नाही. चिरेवर नुसता वेल्डिंगचा थर चढवून भागत नाही. ती घासून उघडावी आणि वरून पट्टी जोडून घ्यावी. दांड्याच्या टोकाची कडी आतून झिजून पातळ होते. ती नवी असताना किती जाड होती हे लिहून ठेवले तर बरे, कारण रोज पाहणाऱ्याला झीज दिसत नाही. पिनेला खालून अडकवणारी क्लिप हवीच, आणि दांडा निसटला तरी ट्रॉली सुटू नये म्हणून साखळी हवी. दोन ट्रॉल्या जोडून वीस टन ऊस नेणाऱ्याने तर दुसऱ्या ट्रॉलीची कडी पहिलीपेक्षा जास्त वेळा पाहावी.

टायरची एकच कड झिजली असेल तर धुरा वाकला आहे किंवा बेअरिंग सैल आहे. चाक काढून बसवले की थोडे अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळावेत. दिव्यांच्या वायरी चॅसीला घासत नाहीत ना, मागचे लाल रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेले नाहीत ना, हे पाहावे. ते बहुधा झाकलेलेच असतात, आणि अंधारात उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो.

प्रश्न असा की, हे करायचे कोणी आणि केव्हा? मालक म्हणतो ड्रायव्हरने, ड्रायव्हर म्हणतो खेपेवर पैसे मिळतात, थांबलो तर नुकसान. मुकादमाला टोळी वेळेवर पोचवायची असते. ट्रॉलीवर बसणाऱ्याला तर कोणी विचारतच नाही. माझ्या मते पूर्ण तपासणी हंगामापूर्वी मालकाने स्वखर्चाने करावी, आणि मजूर आणायला ट्रॉली पाठवण्यापूर्वी करावी, आणल्यानंतर नव्हे. रोजची तपासणी मात्र ड्रायव्हरची. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यापुढे तासन् तास रांग असते. त्या रांगेत जॅक लावू नये, पण प्रत्येक हबला हाताची मागची बाजू लावून पाहता येते. सर्व हब सारखे कोमट असले तर ठीक. एखादाच हात मागे घ्यायला लावत असेल तर तो उघडलाच पाहिजे.

त्या रात्री टोळी आमच्या पडवीत झोपली. सकाळी चुलत्यांनी चौफुल्याहून बेअरिंग आणले, दुपारी ट्रॉली निघाली. मार्चअखेर परत जाताना तीच टोळी आमच्या वस्तीवर थांबली. या वेळी ट्रॉली दुसरी होती आणि ड्रायव्हरही दुसरा. ती बाई खाली उतरली, मुलाला कडेवर घेऊनच सरळ चुलत्यांकडे आली आणि म्हणाली, "दादा, निघायच्या आधी जरा खालनं बघता का?" चुलत्यांनी मला पोते आणायला सांगितले. उजव्या बाजूच्या यू-बोल्टचे दोन नट सैल निघाले.