माध्यमिक शाळेतील इंग्रजी : प्रश्न माध्यमाचा की सरावाचा?

भाषा हा अभ्यासविषय आहे, तसेच ते कौशल्यही आहे. विषयाचे ज्ञान वाचनाने व पाठांतराने काही अंशी मिळते. कौशल्य मात्र वापराशिवाय येत नाही. आपल्या माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या अध्यापनाचा विचार करताना हा भेद अनेकदा विसरला जातो. 'असर' अहवालाच्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजीतील साधी वाक्ये वाचता आली. पण जे वाचू शकले त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुलांनाच त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरांपैकी जेमतेम ४२ मुले अर्थासह वाचत होती. अनेक वर्षे शाळेत इंग्रजी शिकूनही अशी स्थिती का राहते, हा शिक्षणशास्त्राइतकाच विकासाच्या अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी चेन्नई हे उपयुक्त उदाहरण आहे. तामिळनाडूने १९६८ मध्ये द्विभाषा सूत्र स्वीकारले. त्यामुळे तेथील शासकीय शाळेतील मुलाला तामिळव्यतिरिक्त जी भाषा शिकावी लागते ती इंग्रजीच होय. शिवाय इंग्रजीच्या अध्यापनाचे दोन महत्त्वाचे प्रयोग याच शहराशी, म्हणजे तत्कालीन मद्रासशी निगडित आहेत.

कौशल्याचे आर्थिक मूल्य

मेहताबुल आझम, एमी चिन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी २००५ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या आधारे केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण, वय, सामाजिक गट आदी घटकांचा प्रभाव वगळल्यावरही, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे ताशी वेतन इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्के अधिक, तर थोडेफार इंग्रजी बोलणाऱ्यांचे १३ टक्के अधिक असल्याचे त्यात आढळले. त्या सर्वेक्षणानुसार अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढांचे प्रमाण अवघे ४ टक्के होते. अर्थात हा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. अधिक शिकलेल्यांना तो अधिक मिळतो. केवळ इंग्रजी येणे पुरेसे नाही, अन्य शिक्षणाची जोडही हवी, असा याचा अर्थ होतो.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण दादरचे आहे. कैवन मुन्शी व मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादर परिसरातील शाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. १९९० च्या दशकात इंग्रजीचे आर्थिक मूल्य झपाट्याने वाढले, तरी श्रमिक जातींतील मुलगे जातीच्या ओळखीतून मिळणाऱ्या पारंपरिक रोजगाराकडे व पर्यायाने मराठी माध्यमाकडे वळत राहिले. त्याच घरांतील मुली मात्र, त्यांना अशा रोजगाराचा आधार नसल्यामुळे, इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या, असे त्यांना दिसून आले.

अशा अभ्यासांतून पालकांची इंग्रजी माध्यमाची ओढ समजते. महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू केला. तामिळनाडूने २०१२-१३ पासून शासकीय शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग वाढविले. परंतु माध्यम बदलणे आणि कौशल्य मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बाजारात मोल मिळते ते कौशल्याला. ते कसे निर्माण होते, याचे उत्तर मद्रासच्या दोन प्रयोगांत शोधता येते.

पहिला प्रयोग : 'मद्रास स्नोबॉल'

१९६० च्या सुमारास मद्रास राज्यात प्रारंभिक इंग्रजी शिकविणाऱ्या सुमारे २७,००० शिक्षकांना नव्याने प्रशिक्षण देण्याची मोहीम हाती घेण्यात आली. थोड्या तज्ज्ञांनी प्रशिक्षक घडवायचे, त्यांनी आणखी शिक्षक घडवायचे, अशी तिची रचना होती. घरंगळताना मोठा होत जाणाऱ्या बर्फाच्या गोळ्यावरून तिला 'मद्रास स्नोबॉल' हे नाव पडले. तिच्या मुळाशी संरचनात्मक पद्धत होती. सोप्यापासून कठीणाकडे जाणारे वाक्यांचे साचे ठरवून द्यावयाचे आणि प्रत्येक साचा पुनरावृत्तीने पक्का करून घ्यावयाचा, हे तिचे सूत्र.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिचा कमी खर्च. ज्याचे स्वतःचे इंग्रजी बेताचे आहे असा शिक्षकही ठरीव साचे शिकवू शकतो. परंतु साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर प्रशिक्षण थोडे पातळ होते, ही अशा रचनेची अंगभूत मर्यादा असते. शिवाय साचा बिनचूक म्हणणारा विद्यार्थी वर्गाबाहेर त्याच साच्याचा उपयोग करू शकेलच, याची शाश्वती नसते.

दुसरा प्रयोग : प्रभूंचा प्रकल्प

याच असमाधानातून मद्रास येथील ब्रिटिश कौन्सिलमध्ये कार्यरत असलेले एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरूच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या सहकार्याने एक प्रकल्प राबविला. 'बंगळूर प्रकल्प' या नावाने तो ओळखला जात असला, तरी त्याचे वर्ग मद्रास व कडलूर येथेही चालत. मन अर्थाकडे गुंतलेले असताना व्याकरण नकळत घडत जाते, हे त्याचे मूळ गृहीतक होते.

त्यामुळे वर्गात व्याकरणाचे पाठ नव्हते. होती ती कृतिकार्ये. प्रभूंनी त्यांचे तीन प्रकार सांगितले. एकाजवळची माहिती दुसऱ्याला पुरविणे, ही माहितीची दरी. दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढणे, ही तर्काची दरी. आणि स्वतःची पसंती वा मत मांडणे, ही मताची दरी. यांपैकी तर्काच्या कृतींवर त्यांनी सर्वाधिक भर दिला. उदाहरणार्थ, रेल्वेचे वेळापत्रक द्यावयाचे आणि ठरावीक वेळेपूर्वी पोहोचण्यासाठी कोणती गाडी सोयीची, हे शोधावयास सांगावयाचे. आधी शिक्षक असेच एक कार्य सर्व वर्गासमवेत तोंडी सोडवून घेई. नंतर तशाच प्रकारचे दुसरे कार्य प्रत्येकाने स्वतंत्रपणे करावयाचे. सुमारे निम्म्या विद्यार्थ्यांना कार्याचा निम्मा भाग जमावा, इतपत ते कठीण असावे, हा काठिण्याचा अंदाज होता. गुण उत्तराच्या अचूकतेला मिळत. भाषेतील चूक शिक्षक ओघात दुरुस्त करी, तिच्यावर पाठ घेत नसे.

१९८४ मध्ये ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हिस यांनी चार शाळांत या प्रकल्पाचे मूल्यमापन केले. साच्यांवर आधारित चाचणीत पारंपरिक वर्ग सरस ठरले, कृतिकार्यांच्या चाचणीत प्रकल्पातील वर्ग. आणि कोणत्याही पद्धतीकडे न झुकणाऱ्या चाचण्यांत एकंदर कल प्रकल्पाच्या बाजूने दिसला. मूल्यमापकांनी हा निष्कर्ष सावधपणेच मांडला. पुढे बेरेटा यांनी दाखवून दिले की, प्रकल्पाबाहेरच्या नियमित शिक्षकांना ही पद्धत पेलणे अवघड गेले. पहिल्या प्रयोगात विस्तार साधला, पण खोलीची शाश्वती नव्हती. दुसऱ्यात खोली होती, पण विस्तार कठीण ठरला.

तासिकेचे गणित

सरावाचा दुर्मीळ घटक म्हणजे वेळ. ४० मिनिटांची तासिका व ४० विद्यार्थी धरू. शिक्षकाने निम्मा वेळ स्वतः बोलून उरलेल्या २० मिनिटांत एकेकाला बोलते केले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० सेकंद येतात. वर्षभराच्या २०० तासिकांत ही बेरीज होते १०० मिनिटे, म्हणजे दोन तासांहूनही कमी. याउलट, आठवड्यातून एकाच तासिकेत २० मिनिटे जोडीने संभाषण करविले, तर प्रत्येकाला १० मिनिटे मिळतात. ४० आठवड्यांत ती ४०० मिनिटे होतात.

प्रभूंनी मात्र गटकार्य मुद्दाम टाळले होते. मुले एकमेकांचे सदोष इंग्रजी ऐकून त्याच चुका पक्क्या करतील, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नाही. तथापि श्रवण व वाचन यांना वरील गणित लागू होत नाही. ४० मुले एकाच वेळी ऐकू आणि वाचू शकतात. म्हणून आधी अर्थपूर्ण श्रवण-वाचन भरपूर, आणि मग जोडीतील संभाषण, असा क्रम योग्य ठरतो.

यात समन्यायाचा मुद्दा दडलेला आहे. सुशिक्षित घरातील मूल हा सराव घरी किंवा शिकवणीत विकत मिळवते. चेन्नई महापालिकेच्या शाळेतील मजुराच्या मुलाला तो तासिकेतच मिळू शकतो. तेथे मिळाला नाही, तर कोठेच मिळत नाही.

परीक्षा आणि प्रोत्साहन

जे मोजले जाते तेच शिकविले जाते. तामिळनाडूत दहावीची इंग्रजीची सार्वजनिक परीक्षा १०० गुणांची व लेखी असते. साहजिकच संभाषणाचा सराव मागे पडतो. पण केवळ तोंडी गुण ठेवल्यानेही प्रश्न सुटत नाही. महाराष्ट्रात २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन वगळले गेले आणि एकूण निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षापासून हे गुण पुन्हा सुरू झाले. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता. तरीही अंतर्गत गुण कौशल्य मोजत होते की निकाल उचलून धरत होते, हा प्रश्न उरतोच. कौशल्याचे मापन विश्वसनीय असेल तरच परीक्षा सरावाला प्रोत्साहन देते.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत, व शक्यतो आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आहे. त्यात आणि इंग्रजीच्या कौशल्यात विरोध नाही. विषयाचे आकलन मातृभाषेतून आणि इंग्रजीचा भरपूर अर्थपूर्ण सराव, हे दोन्ही एकाच शाळेत शक्य आहे. त्यासाठी माध्यमाच्या फलकापेक्षा तासिकेच्या वाटपाकडे, शिक्षकांच्या सातत्यपूर्ण प्रशिक्षणाकडे आणि परीक्षेच्या रचनेकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. इंग्रजीचे वेतनमूल्य जोवर टिकून आहे, तोवर सार्वजनिक शाळेतील सराव हा उत्पन्नाच्या समान संधीचाच एक भाग मानला पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भाषेचे माध्यम व भाषेचे कौशल्य यांतील फरक मानवी भांडवलाच्या संदर्भात स्पष्ट करा.
२. 'मद्रास स्नोबॉल' व प्रभूंचा प्रकल्प यांची विस्तार व गुणवत्ता या निकषांवर तुलना करा.
३. 'परीक्षेची रचना अध्यापनाची दिशा ठरवते.' सोदाहरण चर्चा करा.