आज्ञावलीच्या ओळींची मोजदाद

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तिच्या शेजारीच १९७८ साली कर्नाटक राज्याच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटीची उभारणी केली. या दोन्ही वसाहतींना शहराशी जोडणाऱ्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ रोजी झाले. या मार्गाची लांबी १९.१५ किलोमीटर असून त्यावर १६ स्थानके आहेत. असा मार्ग प्रवाशांना खुला करण्यापूर्वी त्यावरून रिकाम्या गाड्या पुन:पुन्हा चालवून पाहिल्या जातात. ज्या सांध्यावरून एकदाही चाक गेलेले नाही, त्याची हमी कोणताही जबाबदार अभियंता देणार नाही.

संगणकाच्या आज्ञावलीलाही हाच न्याय लागू पडतो. आज्ञावली म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञा. परंतु प्रत्येक वेळी त्या सर्वच पाळल्या जातात असे नाही. ‘अमुक घडले तर’ या अटीखाली लिहिलेली ओळ ते अमुक घडेपर्यंत निद्रिस्त राहते. चाचणी घेताना कोणत्या ओळी चालल्या, किती वेळा चालल्या आणि कोणत्या मुळीच चालल्या नाहीत, याची नोंद ठेवणे यालाच आज्ञावलीच्या व्याप्तीचे मापन म्हणतात.

मोजणीची पूर्वपीठिका

ही कल्पना नवी नाही. चाचणीने आज्ञावलीतील सर्व वाटा पद्धतशीरपणे तपासल्या जाव्यात, असा विचार जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला होता. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड कनुथ यांनी फोरट्रान भाषेतील, लोकांनी प्रत्यक्ष व्यवहारात लिहिलेल्या आज्ञावल्या जमवून त्यांतील ओळी किती वेळा चालतात याचा अभ्यास केला. आज्ञावलीचा चार टक्क्यांहूनही कमी भाग सामान्यत: निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यांना आढळले. म्हणजे ओळींच्या मोजणीचे दोन उपयोग झाले. जिचा आकडा फार मोठा, ती ओळ वेळ कोठे जातो ते दाखवते. जिचा आकडा शून्य, ती ओळ तपासणीतून काय निसटले ते दाखवते.

रूबीतील सोय

जपानमधील युकिहिरो मात्सुमोतो यांनी रूबी ही भाषा १९९५ साली लोकांपुढे आणली. भारतात तिचा वापर करणाऱ्यांची पहिली परिषद २०१० साली बंगळुरातच भरली. २०१२ साली ती पुण्यात झाली. या भाषेत ओळींच्या मोजणीला विशेष महत्त्व आहे, आणि त्याचे कारण तिच्या स्वभावातच दडलेले आहे. काही भाषांत आज्ञावली चालण्यापूर्वीच तिचे भाषांतर करणारे यंत्र सर्व नावे ताडून पाहते आणि चुकीचे नाव आढळल्यास काम थांबवते. रूबीत एखादे नाव अस्तित्वात आहे की नाही, याचा निर्णय ती ओळ प्रत्यक्ष चालताना होतो. म्हणून न चाललेल्या ओळीतील साधी लेखनाची चूकही महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

आरंभी रूबीत अशी मोजणी करण्यासाठी बाहेरची साधने जोडावी लागत. पुढे भाषेच्या १.९ या आवृत्तीबरोबर ‘कव्हरेज’ नावाचा अंगभूत संग्रह आला. तो युसुके एंदो यांनी रचला. त्याचा वापर सोपा आहे. प्रथम मोजणी सुरू करण्याची आज्ञा द्यावयाची, मग तपासावयाची धारिका आणवून चाचण्या चालवावयाच्या आणि शेवटी निकाल मागावयाचा. हा क्रम मोडता येत नाही, कारण मोजणी सुरू होण्यापूर्वीच आणलेल्या धारिकेची नोंद निकालात येत नाही. नवशिक्यांची पहिली चूक बहुधा येथेच होते.

निकालात धारिकेच्या प्रत्येक ओळीसाठी एक नोंद असते. ओळ चालली असेल तर तितक्या वेळांचा आकडा, चालण्याजोगी असून चालली नसेल तर शून्य, आणि मोकळी ओळ, टिपणी किंवा केवळ समाप्ती दर्शविणारी ओळ असेल तर ‘निल’, म्हणजे ‘लागू नाही’. शून्य आणि ‘निल’ यांतील भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पहिला चाचणीतील उणीव सांगतो. दुसरा काहीच सांगत नाही.

एक उदाहरण

प्रवासभाडे काढणारी एक काल्पनिक आज्ञावली घेऊ. रूबीचे राखीव शब्द रोमन लिपीत असतात, चल आणि रीती यांची नावे मात्र देवनागरीत लिहिता येतात. येथे सोयीसाठी सर्वच शब्द मराठीत दिले आहेत.

१. रीत भाडे (स्थानके, कार्ड)
२. रक्कम = १० + स्थानके × ५
३. जर कार्ड असेल
४. रक्कम = रक्कम − सवलत
५. समाप्त
६. रक्कम
७. समाप्त

कार्ड नसलेल्या तीन प्रवाशांची भाडी काढून चाचणी घेतली, असे समजू. निकाल अनुक्रमे असा येईल : १, ३, ३, ०, निल, ३, निल. पहिल्या ओळीपुढे १ हा आकडा येतो, कारण रीतीची व्याख्या एकदाच नोंदवली जाते. ती रीत कधीच वापरली नाही तरीही तेथे १ दिसतो. चालण्याजोग्या पाच ओळींपैकी चार चालल्या, म्हणून व्याप्ती ८० टक्के झाली. आता चौथी ओळ पाहावी. ‘सवलत’ म्हणजे किती, हे कोठेच सांगितलेले नाही. कार्ड घेऊन पहिला प्रवासी येताच आज्ञावली बंद पडेल. तिन्ही चाचण्या यशस्वी ठरल्या होत्या. धोक्याची सूचना फक्त त्या एका शून्याने दिली.

सवलतीची रक्कम लिहून दोष दूर केला आणि आता सर्व चाचण्या कार्ड असलेल्या प्रवाशांच्याच घेतल्या, तर व्याप्ती १०० टक्के दिसेल. परंतु कार्ड नसलेल्याची वाट या खेपेस तपासलीच गेली नाही. ओळींची मोजणी ही उणीव पकडू शकत नाही. म्हणून २०१७ च्या डिसेंबरात आलेल्या रूबीच्या २.५ या आवृत्तीत फाट्यांची आणि रीतींची मोजणी समाविष्ट करण्यात आली. तीत ‘अट खरी’ आणि ‘अट खोटी’ या दोन्ही फाट्यांचे आकडे स्वतंत्रपणे मिळतात. त्यानंतरच्या २.६ या आवृत्तीत, ओळ पहिल्यांदा चालताच तिची नोंद करून पुढे तिच्याकडे लक्ष न देण्याची सोय आली. तीत आकडा मिळत नाही, पण वेगही फारसा घटत नाही. म्हणून चालत्या व्यवहारातील निरुपयोगी ओळी शोधण्यास ती सोयीची आहे.

मोजणीच्या मर्यादा

ओळ चालली म्हणजे ती बरोबर ठरली, असे नव्हे. वरील आज्ञावलीस ४० स्थानकांचे भाडे विचारले तर ती २१० रुपये हे उत्तर बिनदिक्कत देईल, जरी मार्गावर स्थानके १६ च असली तरी. चाचणीत उत्तर ताडून पाहिलेच नाही, तरीही व्याप्तीचा आकडा तोच राहतो.

याचे दु:खद उदाहरण ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राच्या इतिहासात आढळते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राने किमान सहा रुग्णांना मर्यादेबाहेर मात्रा दिली. त्यांतील काही दगावले. त्यामागे एकाहून अधिक दोष होते. १९८७ च्या जानेवारीत याकिमा या गावी घडलेल्या अपघातातील दोष येथे विचारात घेण्याजोगा आहे. यंत्राचे भाग योग्य जागी आहेत की नाहीत हे तपासावे, अशी खूण करण्यासाठी आज्ञावली एका चलात ठरावीक आकडा लिहिण्याऐवजी दर फेरीस एक मिळवीत असे. त्या चलात २५५ पर्यंतचाच आकडा मावत असे. २५६ व्या फेरीस तो पुन्हा शून्य होई, आणि शून्याचा अर्थ ‘तपासणीची गरज नाही’ असा होता. नेमक्या त्याच क्षणी चालकाने कळ दाबली, तर तपासणी टळे. ती ओळ शेकडो वेळा चाललेली होती. मोजणीच्या कोणत्याही तक्त्यात तिच्यापुढे शून्य आले नसते. रूबीतील पूर्णांक आपोआप वाढत असल्याने नेमका हा दोष तीत उद्भवणार नाही. पण विचारातील चूक कोणत्याही भाषेत करता येते.

यावरून मोजणी व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. टक्केवारी हे ध्येय मानले की लोक आकडा वाढविण्यापुरत्याच चाचण्या लिहू लागतात. त्याऐवजी तक्ता हाती घेऊन शून्य असलेल्या ओळींपाशी थांबावे आणि प्रत्येकीविषयी विचारावे, की ही कधी चालणार, चालली तर कोणाचे काय होणार, आणि ती कधीच चालणार नसेल तर येथे का आहे. बहुतेकदा या ओळी अडचणीच्या प्रसंगासाठी लिहिलेल्या असतात : जोडणी तुटली तर, नोंद सापडली नाही तर, मात्रा मर्यादेबाहेर गेली तर. रोजच्या व्यवहारात त्यांचे काम पडत नाही; ज्या दिवशी पडते, त्या दिवशी त्यांची पहिली परीक्षा प्रवाशावर किंवा रुग्णावर होऊ नये, एवढ्यासाठीच ही मोजदाद करावयाची असते.