एका बोटावर ९० किलो : एक 'सशास्त्र' विवेचन

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की सुमारे २५ किलोमीटरवर खेड शिवापूर लागते. तेथील कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यातला गोल दगड सर्वश्रुत आहे. वजन ९० किलो सांगतात. ११ जणांनी त्याखाली एकेक तर्जनी लावून, एका दमात दरवेशांचे नाव पुकारले की दगड वर जातो आणि धप्पकन खाली येतो. भाविक याला दरवेशांची कृपा म्हणतात. त्यांचे म्हणणे सरळ आहे. त्यांच्याशी माझा वाद नाही. मला कुतूहल आहे ते आपल्या वसतिगृहातील शास्त्रज्ञांचे. त्यांचे सिद्धान्त येथे नम्रपणे मांडतो.

पहिला चुंबकवाद. रक्तात लोह असते, म्हणून अकरा जण मिळून चुंबक होतो! माणसाच्या शरीरात लोह असते जेमतेम ४ ग्रॅम. अकरांचे मिळून ४४. एवढ्यात चार खिळे निघतील, दगड कसा निघावा?

दुसरा ध्वनिलहरीवाद. नावाच्या कंपनांनी दगड हलका होतो म्हणे. तसे असते तर विसर्जनाच्या ढोल-ताशांनी शनिवारवाडा केव्हाच पर्वतीवर जाऊन बसला असता.

तिसरा अंकवाद. ११ ही मूळ संख्या. तिला भाग जात नाही, म्हणून भारही जाणवत नाही! क्रिकेटचा संघही अकरांचाच असतो, हे आमचे गणिती विसरतात.

आता आपण कलाशाखेचे विद्यार्थी असलो तरी एक भागाकार करू. ९० भागिले ११, म्हणजे प्रत्येकी सव्वाआठ किलोही नाही. गिरणीतून तेवढ्या दळणाची पिशवी आपण बोटाला अडकवून आणतोच. अट एकच : सर्वांनी एकाच क्षणी जोर लावला पाहिजे. तिघांनीच आधी लावला, तर प्रत्येकावर ३० किलो येतात आणि दगड कलंडतो. तो क्षण साधून देते ती आरोळी. ओझे उचलताना हमाल एका सुरात ओरडतात, ते याचसाठी.

हे पटत नसेल तर तेवढ्याच वजनाचा दुसरा दगड घ्यावा आणि 'एक, दोन, तीन' म्हणून उचलून पाहावा. तो उचलला गेला नाही, तर माझे विवेचन खोटे. चुंबकवाद्यांनाही माझा एवढाच प्रश्न आहे : काय घडले म्हणजे तुमचा सिद्धान्त खोटा ठरेल? ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याने श्रद्धा खुशाल बाळगावी. तिला विज्ञानाचा अंगरखा मात्र चढवू नये. त्यात दोघांचीही विटंबना होते.