कार्यालयीन इंग्रजीतील शब्दयोगी पदबंध

शासकीय आदेश, नोटीस, अधिसूचना व करारपत्रे यांतील इंग्रजी वाक्ये लांबलचक असतात. त्यांतील क्रियापद शोधले म्हणजे काय करावयाचे आहे ते कळते. परंतु ते केव्हापर्यंत, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या अटीवर करावयाचे, हे बहुधा 'बाय', 'विदिन', 'अंडर', 'सब्जेक्ट टू' अशा लहान शब्दांनी सुरू होणाऱ्या पदबंधांत सांगितलेले असते. घाईने वाचणाऱ्याचे लक्ष नेमके या शब्दांवरून निसटते आणि त्यामुळे मुदत टळते वा हक्क गमवावा लागतो. म्हणून या पदबंधांचा अभ्यास शाळेतील विद्यार्थ्यांइतकाच शेतकरी, पंचायत सदस्य व कार्यालयीन कर्मचारी यांनाही उपयोगी आहे.

१. रचनेतील मूळ फरक

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते व नामाचे सामान्यरूप होते. 'शाळा' या नामापासून 'शाळेसमोर', 'कायदा' या नामापासून 'कायद्यान्वये' अशी रूपे होतात. इंग्रजीत हे अव्यय नामाच्या आधी येते व नाम आहे तसेच राहते. जसे, 'अंडर द अ‍ॅक्ट'. सर्वनामाचे रूप मात्र बदलते. 'ही' या सर्वनामाचे 'टू हिम' होते, 'दे' या सर्वनामाचे 'फ्रॉम देम' होते.

या फरकामुळे अनेक पदबंध एकापुढे एक आले, की इंग्रजीतील क्रम मराठीच्या बरोबर उलट होतो. 'विदिन थर्टी डेज फ्रॉम द डेट ऑफ रिसीट ऑफ धिस ऑर्डर' हा नेहमी आढळणारा पदबंध पाहावा. त्याचे मराठी रूप 'हा आदेश मिळाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत' असे होईल. इंग्रजीतील शेवटचा शब्द मराठीत आरंभी आला आहे आणि आरंभीचा 'विदिन' हा शब्द 'आत' या रूपाने शेवटी गेला आहे. असा पदबंध शेवटच्या नामापासून मागे वाचीत आल्यास त्याचा अर्थ सहज उलगडतो.

अव्ययानंतर क्रियावाचक शब्द आल्यास त्याचे 'इंग'कारान्त रूप योजावे. जसे, 'बिफोर साइनिंग द डॉक्युमेंट', 'विदाउट ऑब्टेनिंग परमिशन'. 'विथ अ व्ह्यू टू' या पदबंधातील 'टू' हेही अव्ययच असल्याने 'विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग द रोड' असे लिहावे. तेथे 'इम्प्रूव्ह' हे मूळ रूप चालत नाही.

२. मुदत दर्शविणारे पदबंध

मराठीतील 'पर्यंत' या एका अव्ययासाठी इंग्रजीत प्रसंगानुसार वेगवेगळे शब्द लागतात. एखादी गोष्ट ठरावीक दिवशी किंवा त्यापूर्वी पुरी व्हावयाची असेल, तर 'बाय' वापरतात. ती गोष्ट त्या दिवसापर्यंत सतत चालू राहणार असेल, तर 'टिल' किंवा 'अन्टिल' वापरतात. 'अर्ज १५ जूनपर्यंत सादर करावा' या वाक्यात 'बाय फिफ्टीन्थ जून' हवे. 'कार्यालय १५ जूनपर्यंत बंद राहील' या वाक्यात 'टिल फिफ्टीन्थ जून' हवे.

'पासून' या अव्ययाचीही तीच गोष्ट आहे. निश्चित आरंभबिंदू सांगावयाचा असेल, तर 'सिन्स' आणि कालावधी सांगावयाचा असेल, तर 'फॉर' योजतात. '१९६१ पासून' म्हणजे 'सिन्स नाइन्टीन सिक्स्टीवन'. 'दहा वर्षांपासून' म्हणजे 'फॉर टेन इयर्स'. मराठीच्या वळणाने पुष्कळ जण 'सिन्स टेन इयर्स' असे लिहितात, ते अशुद्ध होय.

मुदत मोजताना 'फ्रॉम' या शब्दाला कायद्यानेच अर्थ दिलेला आहे. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम ९ अन्वये, केंद्रीय कायद्यातील कालावधीसाठी 'फ्रॉम' हा शब्द वापरला असल्यास पहिला दिवस वगळला जातो. 'टू' वापरला असल्यास शेवटचा दिवस धरला जातो. उदाहरणार्थ, माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम १९ अन्वये पहिले अपील निर्णय मिळाल्यापासून तीस दिवसांत करावयाचे असते. निर्णय १ जून रोजी हाती आला असेल, तर २ जून हा पहिला दिवस आणि १ जुलै हा तिसावा दिवस होय. शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असल्यास त्यानंतर ते ज्या दिवशी उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत झाले असे, त्याच १८९७ च्या अधिनियमाच्या कलम १० नुसार, मानले जाते.

३. आधार व अधिकार दर्शविणारे पदबंध

औपचारिक इंग्रजीत अव्यय, नाम व पुन्हा अव्यय अशी तीन शब्दांची घट्ट बांधणी वारंवार आढळते. हे तीन शब्द एकच शब्द समजून लक्षात ठेवावेत. त्यांतील अव्यय बदलता येत नाही.

'इन अकॉर्डन्स विथ' — च्या अनुसार
'इन रिस्पेक्ट ऑफ' — च्या बाबतीत
'विथ रेफरन्स टू' — च्या संदर्भात
'ऑन बिहाफ ऑफ' — च्या वतीने
'इन लू ऑफ' — च्या ऐवजी
'बाय व्हर्च्यू ऑफ' — च्या नात्याने, च्या बळावर

अधिसूचनेचा आरंभ पुष्कळदा 'इन एक्सरसाइज ऑफ द पॉवर्स कन्फर्ड बाय' या शब्दांनी होतो. 'अमुक कलमाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' असा त्याचा अर्थ आहे. ही केवळ प्रस्तावना नव्हे. हुकूम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली निघाला आहे ते येथेच कळते आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची याचा शोधही येथूनच सुरू करता येतो.

४. अट व हक्क दर्शविणारे पदबंध

'सब्जेक्ट टू' म्हणजे 'च्या अधीन राहून'. बांधकामाची परवानगी 'सब्जेक्ट टू द फॉलोइंग कंडिशन्स' दिली असेल, तर खालच्या अटी पाळल्या तरच ती परवानगी उपयोगाची. 'विदाउट प्रेज्युडिस टू' म्हणजे 'च्या हक्कास बाध न आणता'. एका मार्गाने कार्यवाही करताना दुसऱ्या मार्गाचा हक्क राखून ठेवावयाचा असेल, तेव्हा हा पदबंध वापरतात.

'अंडर प्रोटेस्ट' हा पदबंध तर दोनच शब्दांचा आहे. पण जमीन संपादनाच्या प्रकरणात त्याचे मोल फार मोठे आहे. 'हरकत राखून' असा त्याचा अर्थ. भूमी संपादनाचा १८९४ चा अधिनियम जाऊन त्या जागी २०१३ चा अधिनियम आला. नव्या अधिनियमाच्या कलम ७७ नुसार, भरपाईची रक्कम अपुरी वाटत असल्यास हितसंबंधित व्यक्तीला ती हरकत राखून स्वीकारता येते. अशी हरकत न राखता रक्कम स्वीकारणाऱ्यास मात्र, कलम ६४ खाली वाढीव भरपाईसाठी प्रकरण प्राधिकरणाकडे पाठविण्याची मागणी करता येत नाही. जुन्या अधिनियमातही कलम ३१ मध्ये अशीच तरतूद होती. म्हणून पावतीवर सही करण्यापूर्वी तिचा मजकूर समजून घ्यावा आणि हरकत असल्यास ती लेखी नोंदवावी. कलम ६४ खालील अर्जालाही मुदत आहे, हे विसरू नये.

५. वाक्यातील स्थान

पदबंध कोणत्या शब्दाशी जोडावयाचा हे इंग्रजीत मुख्यतः त्याच्या जागेवरून ठरते. 'द कमिटी डिसाइडेड टू रिपेअर द स्कूल ऑन मंडे' या वाक्यात समितीने सोमवारी निर्णय घेतला, की दुरुस्ती सोमवारी करण्याचे ठरविले, हे स्पष्ट होत नाही. निर्णय सोमवारचा असेल, तर 'ऑन मंडे' हे शब्द वाक्याच्या आरंभी घ्यावेत. इतिवृत्त लिहिणाऱ्यांनी या बाबतीत विशेष दक्ष राहावे. कारण तारखेच्या संदिग्धतेवरून पुढे वाद उद्भवतात.

६. नेहमीच्या चुका

काही क्रियापदांना अव्यय लागत नाही, पण त्यांच्याच नामरूपांना ते लागते. 'वी डिस्कस्ड द प्रपोजल' हे शुद्ध आहे. 'डिस्कस्ड अबाउट' हे अशुद्ध आहे. नाम वापरल्यास मात्र 'अ डिस्कशन ऑन द प्रपोजल' असे लिहावे. त्याचप्रमाणे 'आय रिक्वेस्ट अ कॉपी' हे शुद्ध. नाम आल्यास 'माय रिक्वेस्ट फॉर अ कॉपी'. याउलट 'रिप्लाय' या शब्दाला क्रियापद म्हणूनही 'टू' लागतो. जसे, 'प्लीज रिप्लाय टू धिस लेटर'.

७. अध्यापन व सराव

शिक्षकांनी या पाठासाठी नियमांची यादी पाठ करून घेण्याऐवजी पंचायतीच्या फलकावरील एखादी इंग्रजी नोटीस वर्गात आणावी. विद्यार्थ्यांना तिच्यातील प्रत्येक शब्दयोगी पदबंध अधोरेखित करावयास सांगावे व त्यापुढे चार प्रश्न विचारावेत : केव्हापर्यंत? कोणत्या आधारे? कोणत्या अटीवर? कोणाच्या वतीने? ज्या प्रश्नाचे उत्तर नोटिशीत सापडणार नाही, तो प्रश्न संबंधित कार्यालयात विचारावा.

संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिलेला आहे. तेव्हा केवळ इंग्रजी लिहिता येत नाही म्हणून कोणी अर्ज करावयाचे थांबू नये. परंतु कायद्यांचे अधिकृत पाठ ३४८ व्या अनुच्छेदानुसार सर्वसाधारणपणे इंग्रजीत असतात आणि पुष्कळ आदेशही त्याच भाषेत हाती पडतात. ते वाचताना मोठ्या शब्दांचा अर्थ कोशात पाहता येतो. 'बाय', 'फ्रॉम' व 'अंडर' यांचा अर्थ मात्र संपूर्ण पदबंध वाचूनच लावावा लागतो. एवढी सवय गावातील दोन-चार जणांनी लावून घेतली, तरी कोणाच्याही घरी आलेला कागद मुदतीच्या आत समजून घेता येईल.