सर्व्हरला कुलूप, नोंदीची राखण



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि हुमणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण उसाशी त्याचा संबंध जवळचा आहे. उसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि बँकेत जमा होणारी रक्कम या चारही गोष्टी आज कारखान्याच्या सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकात साठतात. पूर्वी हीच माहिती शेतकी ऑफिसातल्या जाडजूड रजिस्टरात असायची. रजिस्टरात कुणी खाडाखोड केली तर शाईचा डाग राहायचा. सर्व्हरमधली खाडाखोड अशी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या यंत्राची राखण कशी करावी लागते, हे सभासदांनीही समजून घेतले पाहिजे.

१. नुकसान कुणाचे?

समजा, कुणाची आडसाली लागण १५ जुलैची आहे आणि सर्व्हरमध्ये ती १५ जूनची झाली. तो प्लॉट क्रमवारीत महिनाभर पुढे सरकला आणि ज्यांची खरी पाळी होती ते सगळे मागे ढकलले गेले. मागे राहिलेल्या उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडते, वजन घटते आणि उताराही उतरतो. सोळा-अठरा महिने सांभाळलेले पीक शेवटच्या महिन्यात फडातच हलके होते. तीच गोष्ट वजनाची. दहा टनांच्या खेपेला एक टक्का म्हणजे १०० किलोचा फरक. दिवसाला अशा ५०० खेपा धरल्या तर फरक ५० टनांचा होतो. एकट्या सभासदाला तो जाणवणार नाही, पण सगळ्यांचा मिळून तो फार मोठा आहे.

२. पासवर्ड असताना भीती कशाची?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की पासवर्ड हे समोरच्या दाराचे कुलूप आहे. यंत्रच हाताला लागले तर चोराला दाराची गरजच उरत नाही, तो मागची भिंत फोडून आत येतो. सर्व्हरची पेटी उघडून, चार स्क्रू काढून आतली हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की माहिती वाचता येते, तिथे पहिल्या संगणकाचा पासवर्ड आडवा येत नाही. किंवा पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून आतल्या फायलींना हात घालता येतो. आपण विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालतो ते याचसाठी. पेटी उघडी राहिली की बटण कोण दाबील याचा नेम नाही.

यावर मुख्य उपाय दोन. पहिला, यंत्रापर्यंत हात पोहोचूच द्यायचा नाही. दुसरा, डिस्कवरची सगळी माहिती सांकेतिक रूपात ठेवायची. बिटलॉकरसारख्या प्रणाली हे काम करतात. अशी डिस्क कुणी काढून नेली तरी किल्लीवाचून तिच्यातले अक्षर लागत नाही. मात्र ती किल्ली कागदावर लिहून त्याच खोलीत चिकटवू नये. कुलपालाच किल्ली लटकवून ठेवण्यासारखे ते होईल.

३. खोली कशी असावी?

सर्व्हरची खोली वेगळी, पक्क्या भिंतींची असावी. तिथून टेलिफोनवाला, पाणीवाला, चहावाला यांची ये-जा नसावी. यंत्र टेबलावर उघडे न ठेवता भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेल्या लोखंडी कपाटात ठेवावे आणि त्या कपाटाला वेगळे कुलूप असावे. कोण, किती वाजता, कशासाठी आत गेला याची वही असावी. दुरुस्तीला बाहेरचा कारागीर आला तर तो जाईपर्यंत आपला माणूस शेजारी उभा असावा.

कॅमेरा दारावर रोखलेला असावा. पण कॅमेऱ्याची चित्रे साठवणारी पेटीच बाहेर स्टुलावर असेल तर चोर जाताना तीही उचलून नेईल. म्हणून ती पेटीही कुलपात हवी, आणि तिचे घड्याळ व सर्व्हरचे घड्याळ एकच वेळ दाखवणारे हवे. नाहीतर घटना कोणत्या मिनिटाला घडली यावरच वाद होतो.

सर्व्हरच्या पेटीवर आणि न वापरल्या जाणाऱ्या खाचांवर क्रमांकाचे सील लावावे व तो क्रमांक वहीत लिहावा. सील चोरी थांबवत नाही, चोरी झाली हे सांगते. म्हणून लावलेले सील रोज कुणीतरी पाहिले नाही तर त्याचा उपयोग शून्य.

४. वजनकाटा

काट्याचे इंडिकेटर केबिनमध्ये दिसते, पण खरे वजन पेलतात ते प्लॅटफॉर्मखालचे लोड सेल. त्यांच्या तारा एका जोडपेटीत एकत्र येतात आणि तिथून एक केबल केबिनकडे जाते. या तारेत मध्येच एखादे छोटे यंत्र बसवले तर इंडिकेटर खोटा आकडा दाखवते आणि संगणक तो खोटा आकडा इमानेइतबारे जपून ठेवतो. त्याची त्यात काही चूक नसते. म्हणून सर्व्हरची राखण सर्व्हरच्या खोलीत सुरू होत नाही, ती काट्याच्या खड्ड्यातून सुरू होते. जोडपेटी सीलबंद हवी, केबल पाइपातून गेलेली हवी आणि खड्ड्याला झाकण व कुलूप हवे. काट्याची दरवर्षी पडताळणी करून वैधमापन शास्त्र खात्याने मारलेला शिक्का आणि दिलेले प्रमाणपत्र सभासदाला दिसेल असे लावलेले हवे.

५. पेनड्राइव्ह

"साहेब, नातवाचे फोटो आहेत, जरा प्रिंट काढून द्या," असे कुणी म्हटले तर ऑपरेटरने नम्रपणे नाही म्हणावे, आणि सभासदाने राग धरू नये. इराणमध्ये नतान्झ येथील अणुकेंद्रातली नियंत्रण यंत्रे इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरीही २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम तिथे पोहोचला. तो पेनड्राइव्हवाटे आत गेला असे मानले जाते. तारेने तुटलेले यंत्रही हाताने जोडले जाते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

६. जुन्या डिस्कचे भंगार

फाइल पुसली म्हणजे माहिती गेली असे नसते. अनुक्रमणिकेचे पान फाडले तरी पुस्तकातली बाकीची पाने राहतात, तसे ते आहे. अमेरिकेतल्या मॉर्गन स्टॅनली या मोठ्या वित्तसंस्थेच्या एका शाखा कंपनीने जुनी यंत्रे मोडीत काढायचे काम सामान हलवणाऱ्या कंपनीकडे दिले. त्या कंपनीला माहिती नष्ट करण्याचा अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेली काही यंत्रे पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. २०२२ साली तिथल्या रोखे नियामकाने या प्रकरणी ३.५ कोटी डॉलर दंड लावला. चार पैशांच्या भंगारापायी केवढा भुर्दंड बसला पाहा. जुनी डिस्क वजनावर विकू नये. ती भोके पाडून, ठेचून, दोन साक्षीदारांसमोर निकामी करावी आणि तिचा क्रमांक वहीत लिहावा. जुन्या फिरत्या चकतीच्या डिस्कवर चुंबकाचा प्रयोग चालतो, नव्या एसएसडीवर तो चालत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

७. कुंपणच शेत खाऊ लागले तर?

बाहेरच्या चोरापेक्षा आतल्या माणसाला वाट जास्त माहीत असते. यासाठी कपाटाची किल्ली एकाकडे आणि पासवर्ड दुसऱ्याकडे असावा. नोंद करणारा आणि नोंद बदलण्यास मंजुरी देणारा एकच माणूस नसावा. कोणता आकडा कुणी, कधी बदलला याची यादी यंत्र आपोआप ठेवते. ती यादी दुसऱ्या यंत्रावरही जावी, म्हणजे बदल करणाऱ्याला ती पुसता येणार नाही. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक कारखान्याच्या आवाराबाहेर, हा चांगला नियम आहे. बाहेरची प्रतही कुलपात व सांकेतिक रूपातच हवी. ती वाचता येते की नाही हे हंगामापूर्वी एकदा तपासावे. उगवण न तपासता बेणे लावण्यासारखा प्रकार करू नये.

परवानगीवाचून संगणकातली माहिती घेणे, बदलणे किंवा नष्ट करणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

८. सभासदांनी काय करावे?

(अ) लागण नोंदीची पावती घ्यावी. तारीख, जात, क्षेत्र आणि गट नंबर तिथल्या तिथे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्यावे.

(आ) काट्याची प्रत्येक पावती हंगाम संपून हिशेब मिळेपर्यंत जपावी. संगणकात बदल झाला तर तुमच्या खिशातला कागद हाच पुरावा.

(इ) आधारची झेरॉक्स देताना शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत चालते का ते विचारावे. पासबुकाच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून सही करावी. जास्तीची प्रत दुकानात टाकून येऊ नये.

(ई) "माझी नोंद जरा बघा" म्हणून थेट संगणक खोलीत शिरू नये. खिडकीवर विचारावे. ओळखीच्या माणसासाठी उघडलेले दार अनोळखी माणसालाही उघडेच असते.

(उ) काट्याचे सील तुटलेले दिसले तर गप्प बसू नये. गट ऑफिसला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

या सगळ्याला खर्च येतो, आणि त्यातून एक टनही ऊस वाढत नाही, हे आम्ही जाणतो. पण पीक रानात उभे असताना रात्रीची राखण करायला आपण कधी मागेपुढे पाहिले नाही. नोंद हेही आपलेच पीक आहे. येत्या वार्षिक सभेत सर्व्हरच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, प्रती कुठे ठेवतात आणि काट्याची पडताळणी कधी झाली, हे तीन प्रश्न जरूर विचारा. शेअर्सधारक म्हणून तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर देणे आमचे काम आहे.

— ऊस विकास अधिकारी